चाकाखालचा दगड

११ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच. चावी फिरवली, सेल्फ मारला, ट्रॅक्टरने आतून ‘टक्’ असा एक आवाज केला आणि गप्प बसला. वर्गात प्रश्न विचारल्यावर मागच्या बाकावरची मुलं खाली मान घालायची, तसं. ट्रॅक्टरला काही कान धरून उभं करता येत नाही.

मग नेहमीचा प्रयोग. संध्याकाळी ट्रॅक्टर घराशेजारच्या उतारावर लावायचा, गिअरमध्ये ठेवायचा, मोठ्या चाकाखाली दगड सारायचा. इंजिन झिजलेलं आणि हँडब्रेक नावालाच, त्यामुळे खरा ब्रेक तो दगडच. सकाळी एकाने सीटवर बसायचं, दुसऱ्याने पहार घालून दगड काढायचा. ट्रॅक्टर उतरणीला लागला की क्लच सोडायचा. मग काळा धूर ओकत तो सुरू होतो. हे होते तेव्हा हे सीटवर असायचे आणि दगडाशी मी. हे गेल्यावर माझी बढती झाली. मी सीटवर, आणि दगडाशी यल्लूबाई.

यल्लूबाई बांधापलीकडे राहते, शेरडं राखते. वय विचारलं तर म्हणते, “बहात्तरच्या दुष्काळात म्या शेरडामागं पळत हुती, आता तुमीच मांडा हिशोब, तुमी मास्तरीण.” सकाळी शेरडं सोडायच्या आधी येते, दगड काढते आणि मग ओट्यावर बसून चहा पिते. चहा कसला, साखरेचा पाकच. आणि बोलणं! शेरडाचं पोट फुगलं, सून उलटं बोलली, जावयाने फोन उचलला नाही. तिचा आवाज ट्रॅक्टर चालू असतानाही स्पष्ट ऐकू येतो. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ते हेच.

१९ फेब्रुवारी

यल्लूबाई लेकीकडे जेऊरला चालली. नातीचं बाळंतपण आहे. “पंधरा दिस तरी लागत्याल. दगडाचं कसं करता, बाई?” असं दहादा विचारून गेली. मी म्हटलं, जग काय तुमच्या दगडावर अडलंय का? हसली. जाताना पहार धुऊन भिंतीला उभी करून गेली.

२० फेब्रुवारी

जग खरंच अडलं. पोरं सगळी सांगोल्याला कामाला जातात, म्हातारी माणसं गुडघे धरून बसलेली. तीन वस्त्या फिरून शेवटी दूधवाल्याला पकडलं. त्याने दगड काढला, पण चेहरा असा केला की जसं मी त्याला विहीर खणायला लावली. डाळिंबाला फळ धरलंय. तलावाखालच्या विहिरीवरून टँकर आणला नाही तर फळ गळणार, आणि टँकर काही मी डोक्यावरून आणणार नाही.

२४ फेब्रुवारी

आज वाचले. कोपराला फडकं बांधलंय म्हणून अक्षर असं.

दूधवाला आला नाही. म्हटलं, आपला हात जगन्नाथ. ट्रॅक्टर गिअरमध्ये आहेच, दगड काढून पटकन चढू. पहार घातली, दगड निघाला. ट्रॅक्टर क्षणभर विचार करत उभा राहिला आणि मग हळूच, अगदी चोरपावलांनी, निघाला. मी पायरीला हात घातला तोवर त्याने वेग घेतला होता. पाय निसटला. मोठं चाक माझ्या पदराजवळून गेलं. ट्रॅक्टर खाली जाऊन लिंबाच्या झाडाला टेकला आणि थांबला. झाडाची साल गेली, माझं कोपर सोललं.

मी तिथेच मातीत बसून राहिले. ओरडले असते तरी ऐकायला कोण होतं? शेळ्यांची दावणसुद्धा रिकामी, त्या यल्लूबाईच्या सुनेने माळावर नेलेल्या.

२५ फेब्रुवारी

कुणीतरी दिग्विजयला पुण्याला फोन केलाच. तो आधी रडवेला झाला, मग चिडला. बापाचा स्वभाव.

“आई, एका दगडासाठी तू जीव घालवणार आहेस का? बस झालं आता. बाग खंडाने देऊ, तू इकडे ये.”

मी म्हटलं, बाग माझी आहे, तुझ्या वडिलांनी एकेक खड्डा स्वतः घेतलाय. बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: अक्षय तृतीयेला तो येणार. तोवर ट्रॅक्टर मी एकटीने, कुणाच्या मदतीशिवाय चालू करून दाखवायचा. जमलं तर मी इथे राहीन, आणि तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर बाग दुसऱ्याच्या हाती आणि मी पाचव्या मजल्यावर.

पायल, माझी सून, चांगली आहे. वाईट म्हणायला जागा नाही. पण तिच्या घरात पाणी प्यायलेला ग्लास कुठे ठेवायचा हेही मला विचारावं लागतं. या वयात ग्लासाची जागा नव्याने शिकायची नाही मला.

३ मार्च

सांगोल्याला जाऊन बसवेशला भेटले. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, मूळचा अक्कलकोटकडचा, तिशीचा असेल. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आगल्ल बाई, जमायचं नाही. बॅटरी बदलून उपयोग नाही.”

हे मलाही माहीत होतं, दोन बॅटऱ्या बदलून झाल्यात. आमच्या ट्रॅक्टरला जुना डायनॅमो आहे. तो जोरात फिरला तरच वीज देतो, आणि टँकर ओढताना ट्रॅक्टर चालतो गोगलगाईसारखा. मग बॅटरी भरणार कशी? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! बसवेश म्हणतो, डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवू. तो सावकाश फिरला तरी वीज देतो.

हेही यांना कितीदा म्हणाले होते मी. “धक्क्यावर चालू होतंय ना? तू आहेस ना दगडाला?” एवढंच उत्तर. मी होते, खरंच.

९ मार्च

बसवेश सकाळीच आला. दिवसभर काम. डायनॅमो काढला तर त्याच्या मागे ट्रॅक्टरचा मूळ लाल रंग तसाच टवटवीत निघाला. बाकी सगळा ट्रॅक्टर उन्हाने विटकरी झालाय, तेवढीच हातभर जागा कोरी. मी उगीच बघत बसले.

ऑल्टरनेटरला जुनी पकड बसेना, म्हणून लोखंडी पट्टी वाकवून नवीन करून आणली होती. बेल्ट लांब लागला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅटरी उलटी करावी लागली. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला बॅटरीची अधिकची बाजू बॉडीला जोडलेली होती, ऑल्टरनेटरला वजाची बाजू बॉडीला लागते. यांनी पूर्वी बॉडीच्या केबलला लाल रंगाचा ठिपका लावून ठेवला होता, चूक होऊ नये म्हणून. तो ठिपका बसवेश पुसायला लागला.

मी म्हटलं, “राहू दे. यांच्या हातचा आहे.”

“मग एक लक्षात ठेवा बाई, आता त्या ठिपक्यावर जायचं नाही. उलटं जोडलं तर ऑल्टरनेटर लगेच जळतो. आणि बॅटरी सोडून गाडी चालवायची नाही.”

मी म्हटलं, चौतीस वर्षं मुलांना अधिक-वजा शिकवलंय मी.

मग चावी फिरवली. समोर लहानसा लाल दिवा लागला. सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात सुरू! दिवा विझला. “दिवा विझला म्हणजे बॅटरी भरायला लागली,” बसवेश म्हणाला. लिंबावरचे कावळे उडाले. मला इतका आनंद झाला की त्याला दोन वेळा जेवायला वाढलं.

१० मार्च

यल्लूबाई काल रात्रीच्या गाडीने आली म्हणे. नातीला मुलगी झाली. सकाळी मी ट्रॅक्टरकडे जाते तर ही खांद्यावर पहार टाकून हजर.

“काडू का दगूड?”

“दगड नाहीच आता,” मी म्हटलं. ट्रॅक्टर सपाटीवर, दारासमोर उभा होता. जरा ऐटीतच चढले आणि चावी फिरवली. ट्रॅक्टर सुरू झाला.

तिने पहार खांद्यावरून उतरवली. मग म्हणाली, “लई बेस झालं, बाई. तुमची कटकट मिटली.”

“चहा घेऊन जा.”

“न्हाय, शेरडं कोकलत्यात.”

पहार तिने परत भिंतीला उभी केली आणि गेली. शेरडांचा आवाज मला तरी येत नव्हता.

१३ मार्च

उत्तम. सकाळी उठावं, चावी फिरवावी, निघावं. कुणाची वाट बघणं नाही, कुणाची मिनतवारी नाही. टँकरच्या दोन खेपा ऊन तापायच्या आत होतात. हे आधीच करायला हवं होतं.

१७ मार्च

चहा जास्त झाला. दुधाचा अंदाज चुकतोय. दुसरा कप मीच प्यायले, मग दिवसभर पित्त.

२१ मार्च

साखरेचा डबा अजून अर्धा आहे. एरवी आत्तापर्यंत खडखडाट झालेला असतो. बचतच म्हणायची.

दिग्विजयचा फोन. “चालू होतोय ना?” होतोय. “जेवतेस ना?” जेवतेय. मग त्याची मीटिंग होती. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आज दिवसभरात मी उच्चारलेले हेच दोन शब्द.

२६ मार्च

यल्लूबाई बांधावर भेटली. शेरडं आता पलीकडच्या ओढ्याने नेते, माझ्या दारावरून नाही.

मी विचारलं, “काय यल्लूबाई, रस्ता विसरलात का?”

“आता काय काम ऱ्हायलं तकडं?”

“काम नसलं म्हणून काय झालं? चहाला या.”

“न्हाय बाई. बिनकामाचं दुसऱ्याच्या दारात जाऊन बसू नये, आमची सासू सांगायची. लोकं म्हंत्यात, म्हातारी चहाला सोकावली. पयलं दगूड हुता, तवा ती गोष्ट येगळी.”

“लोकांना काय करायचंय?”

“लोकांचं न्हाय, माजं मलाच बरं वाटत न्हाय.” मग हसली. “येती की कवातरी.”

कवातरी म्हणजे नाहीच. मला राग आला. घरी येईपर्यंत मनात तिच्याशी भांडत होते. मग वाटलं, गरज सरो नि वैद्य मरो, असं तर नाही ना वाटलं तिला? पण मी काय हाकलली का तिला? मी चावी फिरवली, एवढंच ना.

४ एप्रिल

वाटोळं झालं. माझ्याच हाताने.

बॅटरीच्या टोकांवर पांढरं शेवाळासारखं धरलं होतं. हे दर उन्हाळ्यात कढत पाण्याने धुवायचे, म्हणून मीही केबली सोडल्या, धुतल्या, फडक्याने पुसल्या. परत जोडताना यांचा लाल ठिपका दिसला. हात आपोआप गेला. इतकी वर्षं ठिपक्याची केबल अधिकला जोडताना पाहिलेली, बसवेशचे शब्द त्या क्षणी डोक्यात आलेच नाहीत. मोठी ठिणगी उडाली. ऑल्टरनेटरमधून धूर, जळका वास. मी केबल ओढून काढली, पण व्हायचं ते झालं होतं.

यांचा ठिपका कधी चुकायचा नाही. तो बरोबरच होता, जुन्या ट्रॅक्टरसाठी. मी तिथेच बसून रडले. ऑल्टरनेटरसाठी रडले असं वाटत होतं, पण एवढं कुणी यंत्रासाठी रडतं का?

नंतर रॉकेलचा बोळा घेऊन तो ठिपका मीच पुसला.

५ एप्रिल

बसवेशला फोन केला. दुसरा ऑल्टरनेटर सोलापूरहून मागवावा लागेल, आठवडा तरी जाईल. तोवर ऑल्टरनेटरच्या वायरी काढून ठेवा, उतारावर चालवा, म्हणाला. अक्षय तृतीया या महिन्याच्या शेवटी. जीव टांगणीला.

संध्याकाळी बांधावर जाऊन हाक मारली. “यल्लूबाई, सकाळी दगडाला या!”

तिकडून लगेच उत्तर आलं. “आली की!”

६ एप्रिल

यल्लूबाई दिवस उगवायच्या आत हजर. दगड काढला, ट्रॅक्टर सुरू झाला, मग ओट्यावर चहा. नातीच्या मुलीचं नाव काव्या ठेवलंय. “आमच्या वख्ताला कुटं असली नावं. मला तर तोंडात बसंना, म्या काऊच म्हंती.” सून अजून उलटं बोलते. जावयाने फोन उचलला. एका पाटीला, म्हणजे तरुण शेळीला, दोन करडं झाली, दोन्ही काळी. तास गेला. ऊन चढलं, टँकरची एकच खेप झाली.

११ एप्रिल

गेले काही दिवस झोप गाढ लागते. खरं तर काळजीने लागायला नको. हवा पालटली असावी.

साखर संपली.

१३ एप्रिल

बसवेशचा फोन, माल आला, उद्या येऊ का? मी म्हटलं, उद्या नको, उद्या जरा काम आहे, परवा-तेरवा ये. फोन ठेवल्यावर आठवून पाहिलं. उद्या काही काम नव्हतं.

१६ एप्रिल

ऑल्टरनेटर बसला. दिवा लागला, विझला. बसवेश माझ्यावर रागावला नाही, केबलवर ठिपका नाही हे बघून त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. यल्लूबाई उतारावर उभी राहून सगळं बघत होती. शेवटी “चांगलं झालं” म्हणाली आणि निघून गेली.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. दिग्विजय आणि पायल आले. आमरस केला, पुरणाच्या पोळ्या केल्या. जेवायच्या आधीच मी त्याला अंगणात नेलं. चढले, चावी, दिवा, सेल्फ. पहिल्या फटक्यात. पायलने मोबाईलवर चित्रीकरण केलं. दिग्विजयने टाळ्या वाजवल्या आणि मला मिठी मारली.

“जिंकलीस आई! शब्द म्हणजे शब्द. आता मी निर्धास्त. आता तुला कुणाची गरजच नाही.”

मी पण हसले. बाग माझ्याकडे राहिली. मी इथेच राहणार. हेच हवं होतं मला.

१ मे

ती दोघं सकाळी गेली. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत उभी होते. मग आत आले. राहिलेला आमरस एकटीने खाल्ला, चव लागेना. लिहून टाकते, वाचणारं कोण आहे: फार एकटं वाटतंय. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

७ मे

टँकर, बाग, टँकर. ट्रॅक्टर न चुकता सुरू होतो. बोलावं तर तो लाल दिवाच, आणि तोही लगेच विझतो.

१२ मे

आज संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावला. सपाटीवर दुपारी फार ऊन लागतं, टायर तापतात. उतारावर लिंबाची सावली आहे. चाकाखाली दगडही सारला. लावलेला बरा.

१३ मे

सकाळी बॅटरीची एक केबल सैल करून ठेवली. का, ते लिहीत नाही. मग बांधावर गेले आणि हाक मारली.

“यल्लूबाई, ट्रॅक्टर लागेना!”

ती आली. पळतच आली म्हणायला हरकत नाही. भिंतीची पहार घेतली, उतारावर आली आणि थांबली. तिची नजर कुणाच्या शेरडाच्या पायात काटा रुतलाय ते माळाच्या टोकावरून ओळखते. तिला केबल दिसणार नाही तर काय.

“बाई, ह्यी वायर सुटलीया की.”

“हो का?” मी पुढे झाले आणि केबल घट्ट बसवली. बॅटरी सोडून ट्रॅक्टर चालवायचा नाही, हे या वेळी लक्षात होतं. आता चावी फिरवली की सुरू होणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी सीटवर जाऊन बसले, पण चावीला हात लावला नाही.

तिने पहारीचं टोक दगडाला टेकवलं. मग म्हणाली, “आता आलीच हाय तर काडती दगूड.”

पहार घातली. दगड निघाला. ट्रॅक्टर उतरणीला लागला, मी क्लच सोडला, काळा धूर ओकत तो सुरू झाला.

मी तो बंद न करता तसाच ठेवून चहा टाकला. ती ओट्यावर बसली. बशीत फुंकर मारत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

“वायर उद्या बी सुटंल का, बाई?”

“सुटेल बहुतेक.”

“मंग येती,” ती म्हणाली, आणि काऊ आता हुंकार देते ते सांगायला लागली.

साखर आणायला हवी.